लहान हौद

स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा इतरांप्रमाणे मलाही प्रथम आठवली ती पहाटेची घंटा, भाकऱ्यांच्या चवडी आणि विहारातली थंडगार फरशी. परंतु त्यांविषयी माझ्याहून चांगले लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते विहाराच्या मागे असलेल्या लहान हौदाविषयी. पुढच्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांनी तो पाहिलाही नसेल. नवे वसतिगृह बांधताना तो बुजवला गेला, असे नंतर कळले. त्या हौदात एका पावसाळ्यात जे घडले त्याचा दोष पाचवीतल्या एका मुलाच्या माथी गेला. तो दोष त्याचा नव्हता, माझा होता. हे लिहायला मला पस्तीस वर्षे लागली, आणि त्यातली निदान पंचवीस वर्षे मला सत्य पुरते ठाऊक होते.

आपल्या शाळेत तेव्हा पाण्याच्या तीन जागा होत्या. आंब्याखालची विहीर, स्वयंपाकघरावरची पाच हजार लिटरांची सिमेंटची टाकी, आणि हा हौद. हौद आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि आम्हा मुलांच्या कमरेइतका खोल होता. त्यात कमळाचे दोन कंद लावलेले होते. डास फार झाले म्हणून विज्ञानाच्या सरांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातून दुधाच्या किटलीत घालून गप्पी मासे आणले आणि हौदात सोडले. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पण डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्याकडच्या टाक्यांत आणि हौदांत तो रुळला. गप्पीची मादी अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते, हे सरांनी आम्हाला हौदाच्या काठावर बसवून दाखवले होते. पिल्लू जन्मते तेव्हा करंगळीच्या नखाहूनही लहान असते आणि त्याच क्षणी पोहू लागते. दोन महिन्यांत हौद पिल्लांनी भरला. त्यांना मोजण्याचा नाद सर्वांना होता. त्यातही पाचवीतल्या त्या मुलाला अधिक. जेवणाची घंटा झाल्यावर तो रांगेत सर्वांत शेवटी येई, कारण हौदापाशी त्याची मोजणी अर्धी राहिलेली असे.

मी आठवीत होतो आणि विद्यार्थी मंत्रिमंडळात माझ्याकडे पाणी खाते होते. त्या वर्षी ओढ्यापलीकडच्या गावात अतिसाराची साथ आली. आरोग्यसेवक सायकलवरून टीसीएलची पिशवी घेऊन आले आणि त्यांनी मला व माझ्या सोबत्याला सर्व रीतसर शिकवले. हजार लिटरांना पाच ग्रॅम, म्हणजे आमच्या टाकीला पंचवीस. पावडर कोरडी टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करायची, वर पाणी ओतून ढवळायचे, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची. मग एक तास थांबायचे. तासाभराने काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ओटीचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले की टाकी निर्धोक. ती पिवळी नळी उन्हात धरून पाहताना मला जो अभिमान वाटे तो पुढे नोकरीचा हुकूम हातात आला तेव्हाही वाटला नाही. त्या साथीत आपल्या वसतिगृहातला एकही मुलगा आजारी पडला नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. पुढे जे सांगणार आहे त्यामुळे कोणी टीसीएलला बोल लावू नये.

श्रावणातल्या एका रविवारी सरांनी मला हौदातले हिरवे झालेले पाणी बदलायला सांगितले. एक तृतीयांश जुने पाणी राहू दे, बाकीचे काढ आणि विहिरीचे शेंदून घाल, असे त्यांचे शब्द होते. विहिरीचेच का, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दुपारी वीज गेली. मोटार बंद, पोहऱ्याने शेंदायचे तर संध्याकाळ झाली असती आणि आमचा कबड्डीचा सामना होता. वर टाकी काठोकाठ भरलेली होती. सकाळीच मी तिच्यात औषध घातले होते, ओटी घेतली होती. मी रबरी नळी लावली आणि अर्ध्या तासात हौद भरला. आळस होताच, पण नुसता आळस नव्हता. मला खरोखर वाटले की विहिरीच्या पाण्यापेक्षा हे पाणी चांगले. जे पाणी दीडशे मुलांना चांगले ते माशांना का नको?

संध्याकाळी सामना संपवून येत होतो तेव्हा तो पाचवीतला मुलगा धावत आला. "दादा, पिल्ले सगळी वर आली आहेत," तो म्हणाला. त्याला तो आनंदाचा देखावा वाटला होता. पिल्ले पृष्ठभागाशी तोंडे लावून होती. मधूनच एखादे वेड्यासारखे सरळ रेषेत धावे, काठावर आपटे आणि कुशीवर वळे. मोठे मासे कोपऱ्यात, कमळाच्या पानाखाली गोळा झाले होते. सकाळी वंदनेपूर्वी मी एकटा जाऊन पाहिले. पाण्यावर पांढरट तुसासारखे काही पसरले होते. ती पिल्ले होती. मोठ्यांपैकी निम्म्याहून अधिक वाचले. पिल्लांपैकी मला एकही हलताना दिसले नाही.

चौकशी झाली. स्वयंपाकघरातल्या मामांनी सांगितले की दुपारी त्या मुलाने हौदात साबणाची डबी विसळली होती. ते खरे होते. त्याने कबूलही केले. हौदात काही धुवायचे नाही असा नियम होता आणि तो त्याने मोडला होता. त्यामुळे पुढचे अनुमान सर्वांनी आपोआप काढले. सर कठोर नव्हते. त्यांनी त्याला मारले नाही. वंदनेनंतर उभे करून त्यांनी साबणाने माशांच्या कल्ल्यांचे काय होते ते सर्वांना समजावले आणि त्याला सर्वांची क्षमा मागायला सांगितले. तो रडत होता, म्हणून शब्द नीट ऐकू आले नाहीत. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. रात्री अंथरुणावर माझ्या हातांना टीसीएलचा वास येत होता, तो मला आठवत होता. मला खात्री नव्हती हे खरे. पण शंका होती, हेही तितकेच खरे. त्या दिवशी पंचशीलातल्या पहिल्या शीलापाशी माझा आवाज खाली गेला, आणि मी तो तसाच खाली ठेवला.

तो मुलगा पुन्हा हौदाकडे फिरकला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेतही परतला नाही. घरची अडचण होती असे कळले, आणि ती असणारच. आपल्यापैकी किती जणांची शाळा तशी सुटली हे मी वेगळे सांगायला नको. तरी माझ्या मनात या दोन गोष्टींची गाठ पडली ती पडलीच.

पुढे बारावी विज्ञान झाल्यावर मत्स्यव्यवसायाचे प्रशिक्षण मिळाले. प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला डॉ. हिरालाल चौधुरी यांचे नाव सांगण्यात आले. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यापूर्वी रोहू, कटला, मृगळ यांचे बीज नदीच्या पुरात जाळी लावून गोळा करावे लागे. त्यानंतर ते हौदात तयार होऊ लागले. आज १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. मला मात्र त्या धड्यातली दुसरी बाजू अधिक लागली. नदीतले पिल्लू नदीच्या पाण्यावर जगते. हौदातले पिल्लू आपण जे पाणी सोडू त्यावर. ते पाणी कोठून आणले, हा प्रश्न मासा विचारू शकत नाही.

त्याच आठवड्यात पाण्यावरचे व्याख्यान झाले. शिकवणारे सर फळ्याकडे वळता वळता सहज म्हणाले, "नळाचे पाणी थेट जिऱ्यावर सोडू नका, सकाळपर्यंत काही उरणार नाही." माझ्या पोटात खड्डा पडला. वहीत मी त्या दिवशी पुढे काहीच लिहिले नाही.

मत्स्यजिरे हा शब्द सर्वांच्या परिचयाचा नसेल. अंड्यातून निघालेले तीन-चार दिवसांचे कार्पचे पिल्लू जिऱ्याच्या दाण्याएवढे असते, म्हणून त्याला जिरे म्हणतात. ते वाढून बोटाएवढे झाले की बोटुकली. जिऱ्याच्या अंगावर खवले नसतात. त्याचे कल्ले अजून घडत असतात आणि बराचसा श्वास ते सबंध अंगाच्या त्वचेतून घेते. पिल्लू जितके लहान तितका त्याच्या वजनाच्या मानाने पाण्याशी येणारा संबंध मोठा. म्हणजे पाण्यात जे असेल ते सर्व बाजूंनी त्याच्या अंगाला भिडते. आपण क्लोरीनचे पाणी पितो तेव्हा ते तोंडातल्या लाळेला आणि पोटातल्या अन्नाला भेटते आणि त्यातला क्लोरीन तेथेच खर्ची पडतो, रक्तापर्यंत पोचत नाही. माशाचे तसे नाही. त्याचे रक्त आणि बाहेरचे पाणी यांच्यामध्ये कल्ल्याचा एक-दोन पेशींच्या जाडीचा पडदा तेवढा असतो. क्लोरीन तो पडदाच जाळतो. पडदा सुजतो, सुटतो, त्यावर बुळबुळीत थर साचतो, आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यात मासा गुदमरू लागतो. पिल्ले वर येऊन तोंडे उघडत होती ती यामुळे.

प्रमाणाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण गैरसमज येथेच होतो. आपल्या देशाच्या पेयजल मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. हजार लिटरांत २०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटसुद्धा नव्हे. आता माशांची बाजू पाहू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८४ मध्ये गोड्या पाण्यातील जीवांसाठी क्लोरीनची जी मर्यादा सांगितली ती दीर्घ संपर्कासाठी लिटरमागे ०.०११ मिलिग्रॅम आणि तासाभराच्या संपर्कासाठी ०.०१९ मिलिग्रॅम होती. हजार लिटरांत अकरा मिलिग्रॅम! माणसासाठी जे कमीत कमी हवे, ते माशासाठी जास्तीत जास्त चालेल त्याच्या अठरापट होते. ओटीच्या पेटीतला सर्वांत फिका पिवळा रंगदेखील या मर्यादेच्या कितीतरी वरचा असतो. नळी रंगहीन दिसली म्हणजे पाण्यात क्लोरीन नाही असे आपण समजतो. जिऱ्याच्या दृष्टीने तो अजून असतो. मी त्या रविवारी टाकीत घातलेला क्लोरीन, पावडर ताजी धरली तर, लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या पुढे जातो. हौदातल्या उरलेल्या पाण्याने आणि गाळाने त्यातला काही खाल्ला असेल. म्हणूनच मोठे मासे थोडेफार वाचले.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पाणी दोन दिवस उन्हात उघडे ठेवले की क्लोरीन उडून जातो, असे सगळेच सांगतात आणि साध्या क्लोरीनपुरते ते खरे आहे. परंतु ज्या पाण्यात मासे आधीपासून आहेत त्यात त्यांच्या विष्ठेतला अमोनिया असतो. क्लोरीन त्याच्याशी मिळाला की क्लोरामाइन बनते, आणि ते सहजी उडत नाही. ते कल्ल्यातून थेट रक्तात उतरते आणि रक्तातल्या लाल द्रव्याला प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ करते. आमचा हौद हिरवा, घाण, अमोनियाने भरलेला होता, आणि मी त्यातच टाकीचे पाणी सोडले.

तुरटीचेही विचारतात लोक. माझी आजी पावसाळ्यात घागरीतल्या गढूळ पाण्यात तुरटीचा खडा चार वेळा फिरवी आणि सकाळी तळाशी गाळ बसलेला असे. जलशुद्धीकरण केंद्रात मोठ्या प्रमाणावर होते ते हेच. तुरटीत ॲल्युमिनियम असते. पाणी आम्लधर्मी असेल तर ते विरघळलेल्या रूपात राहते आणि कल्ल्यांवर जाऊन बसते. मासा श्वासालाही मुकतो आणि अंगातले क्षारही गमावतो. आपल्याकडच्या विहिरींचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते, त्यामुळे हा धोका आपल्या भागात कमी. भीती धरावी ती केंद्रातली गाळण धुतलेले आणि तुरटीचा गाळ असलेले पाणी जेथे नाल्यात सोडतात तेथे.

मी ज्या मत्स्यबीज केंद्रात नोकरीस लागलो ते भंडारा जिल्ह्यात आहे. हा मालगुजारी तलावांचा मुलूख. ढीवर बांधवांच्या पिढ्यान्‌पिढ्या या तलावांवर जगत आल्या. तेथे पहिल्याच वर्षी मला टीसीएलच्या पोत्यांची थप्पी दिसली आणि मी चकित झालो. मासे वाढवणाऱ्यांच्या गोदामात हे कशाला? तर तळ्यात बीज सोडण्यापूर्वी तेथली मरळ, शिंगाळा अशी भक्षक मासळी नाहीशी करावी लागते, आणि त्यासाठी एक हेक्टर क्षेत्र व एक मीटर खोली असलेल्या पाण्याला साडेतीनशे किलो ब्लीचिंग पावडर घालतात. जुना उपाय मोहाच्या पेंडीचा. तिला तेवढ्याच पाण्यासाठी अडीच हजार किलो लागतात, पण पुढे तिचे खत होते. ज्या पावडरने मी अजाणता पिल्ले मारली तीच येथे जाणून-बुजून मासे मारण्यासाठी ठेवलेली होती! फरक इतकाच की येथे तिचा परिणाम ओसरेपर्यंत आठ-दहा दिवस कोणी त्या तळ्यात जिरे सोडत नाही.

एका जुलैत कालव्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले आणि कूपनलिकेचा पंप जळाला. माद्यांना इंजेक्शने दिली गेली होती. आता थांबता येत नव्हते. रोहूची किलोभर वजनाची मादी लाखाच्या पुढे अंडी देते आणि चौदा ते अठरा तासांत ती उबतात. उबवणीच्या हौदात पाणी सतत फिरते ठेवावे लागते. गावाच्या नळयोजनेचे पाणी टँकरने आले. मी ओटी घेतली : लख्ख पिवळे. आम्ही त्यात हायपो घातला. सोडियम थायोसल्फेटला जुन्या फोटो स्टुडिओतले लोक हायपो म्हणत. एक ग्रॅम क्लोरीनला सुमारे सात ग्रॅम धरतात. पाणी उंचावरून पाडले, ढवळले. रंग गेला. सहकारी म्हणाले, "झाले की साहेब, सोडा आता." मी सोडू दिले नाही. आधीच्या तुकडीतले शंभरेक जिरे एका टबात त्या पाण्यात ठेवले आणि शेजारी बसून राहिलो. चार तासांत निम्मे तळाशी गेले. पुन्हा हायपो, पुन्हा टब, पुन्हा चार तास. दुसऱ्या टबातले सगळे पोहत राहिले, तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. सहकारी चिडले होते. रात्रभर एवढ्या-तेवढ्या पाण्यात पाय घालून कशाला बसता, असे त्यांनी विचारले. मी काही सांगितले नाही.

बीज केंद्राच्या भिंतीबाहेर मात्र असे कोणी टब घेऊन बसत नाही. आपण पाण्यात औषध सर्वांत जास्त घालतो ते दिवस पावसाळ्याचे. साथी तेव्हाच येतात. आणि आपल्याकडचे बहुतेक मासे अंडी घालतात तेही पावसाळ्यात. पहिल्या पुराबरोबर मादी नाल्यातून वर चढते आणि उथळ, गवताळ पाण्यात अंडी सोडते. त्याच सुमारास गावची उंच टाकी ब्लीचिंगच्या कडक द्रावणाने धुतली जाते आणि ते द्रावण खालच्या नाल्यात सोडले जाते. एका तळ्यावरचे वृद्ध ढीवर मला म्हणाले होते, "टाकी धुतली का नाल्यातली पिल्लं मरतात जी, आम्ही सांगतो तं कोणी ऐकत नाही." त्यांच्यापाशी ओटीची पेटी नव्हती, पण दोन घटनांतला संबंध त्यांनी बरोबर ओळखला होता. त्यांना घेऊन मी ग्रामपंचायतीत गेलो. सरपंचताईंनी ऐकून घेतले. अडचण फक्त उतारपाइपाच्या तोंडाची होती. प्लास्टिकच्या नळाचे दोन तुकडे जोडून ते पाणी नाल्याऐवजी पडीक शेताकडे वळवले. माती आणि ऊन क्लोरीनला लवकर संपवतात. टाकी धुणे थांबवले नाही, थांबवूही नये. हे एका गावात झाले. शेजारच्या दोन गावांत मी तीन वर्षे सांगतो आहे.

येथे एका शब्दाविषयी बोलावेसे वाटते. सरकारी कागदांत या सगळ्याला जलशुद्धीकरण म्हणतात आणि मीही तो शब्द वर वापरला आहे. परंतु पाण्याच्या शुद्धीकरणाचा शब्द आपल्या समाजाने जपून वापरावा, असे मला वाटते. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर सनातन्यांनी त्या तळ्याचे 'शुद्धीकरण' केले ते आपण शाळेतच शिकलो. म्हणून मी केंद्रात येणाऱ्या मुलांना निर्जंतुक पाणी म्हणायला सांगतो. ते कोणासाठी निर्जंतुक केले आहे आणि ते आणखी कोणाच्या अंगाला लागणार आहे, हे पुढे विचारता येते. 'शुद्ध' म्हटले की विचारणे थांबते. मी आठवीत थांबलो होतो तसे.

संपादक मंडळाने पत्रासोबत माजी विद्यार्थ्यांची यादी पाठवली होती. त्यात मधूनच शाळा सोडलेल्यांचीही नावे होती. ज्या कोणी हा विचार केला त्यांचे आभार. त्याचे नाव दिसले. चार दिवस मी यादी मिटून ठेवली. मग हा लेख लिहायला घेण्यापूर्वी त्याला फोन केला, कारण छापील पानावर त्याला हे प्रथम वाचायला लागणे बरे नव्हे.

त्याने मला आवाजावरून ओळखले नाही. पाणीमंत्री म्हटल्यावर ओळखले. दिवाळीनंतर तो का परतला नाही हे त्याने स्वतःच सांगितले. वडिलांचा अपघात झाला होता. आणि हौदाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मला हायसे वाटले आणि हायसे वाटल्याची लाजही वाटली. मग मी रबरी नळीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही.

"दादा, मला आजपर्यंत वाटत होते की ती मीच मारली," तो म्हणाला. "माझ्या मुलीने मासे पाळायचा हट्ट धरला होता. मी घरात आणू दिले नाहीत. कारण तिला कधी सांगितले नाही."

मी क्षमा मागितली. तीही त्याला नीट ऐकू आली की नाही कोण जाणे. माझा आवाज ठीक नव्हता. थोड्या वेळाने त्याने विचारले, "पण साबणानेही मरतात ना? मी डबी विसळली होती, ते तर खरे आहे." मी सांगितले की साबणानेही कल्ल्यांना इजा होते, सर बोलले ते चुकीचे नव्हते, पण एवढ्या मोठ्या हौदात एक डबी विसळल्याने एका रात्रीत सगळी पिल्ले मरत नाहीत. त्याने ते पुन्हा एकदा विचारले. मी पुन्हा एकदा सांगितले.

"मग त्या दिवशी पाणी कोणते घालायला हवे होते?"

"विहिरीचे," मी म्हणालो. "सरांनी तेच सांगितले होते."

त्याच्या शहरात विहीर नाही, फक्त नळ आहे. त्याची मुलगी बाजूलाच होती. तेव्हा मी त्याला बादली, ऊन, हायपोचे खडे आणि आधी एकच मासा सोडून रात्रभर पाहण्याची रीत सांगितली, आणि तो एकेक गोष्ट मोठ्याने म्हणत तिच्याकडून लिहून घेऊ लागला.